मोटारीचा मका

जयवंताबाईनं कणगी आडवी पाडली आणि कमरेपर्यंत आत शिरली. आतून खरवडण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत भुसा अडकला होता, नखांत लिंपणाची माती गेली होती आणि सुपात दोन मुठी ज्वारी होती. तिच्यातही खडे, उंदराच्या लेंड्या.

“झालं,” ती म्हणाली. “हेच.”

बयनाबाईनं, तिच्या सासूनं, सूप आपल्याकडं ओढलं. म्हातारीला नीट दिसत नव्हतं, पण बोटांना दाणा कुठला आणि खडा कुठला ते कळत होतं. दाराच्या चौकटीला टेकून कुसुम त्या बोटांकडं बघत होती. डोमाजी आणि जयवंताबाईची ही एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. पोट पुढं आलं होतं आणि बाकी सगळं अंग आत गेलं होतं. पायांवर सूज होती. नवरा बेज्जूरच्या जंगलात बांबूतोडीला गेलेला, त्याचा काही सांगावा नव्हता.

“आजी, भाकर व्हईन का एखांदी?” तिनं विचारलं.

“भाकर कायची होते वं पोरी. आंबील करू. पातळ केली की सगळ्याइले पुरते.”

डोमाजी पागोटं गुंडाळत होता. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली, कमरेच्या करगोट्याला अडकवलेली किल्ली चाचपली आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

“थांब,” बयनाबाई म्हणाली. “गोदामात इतला मका पडून राह्यला, अन माही नात भाकरीले तरसून राह्यली.”

“तो आपला नाही, माय.”

“पेरला कोनं?”

“पेरला आपन. पन इकला ना. इकल्यावर आपला कसा?”

म्हातारी खडे जमिनीवर टाकत राहिली. डोमाजी निघून गेला.

गाव नार्नूरच्या अलीकडं, माळावर. दोन सालांमागं पाऊस चांगला होता त्या वर्षी नरसिंगराव जीपमधून गावात आले होते. मूळचे ते मराठीच, पण घराणं आदिलाबादेत कधीचं स्थायिक. हल्ली शहराला लागून मावल्याला घर बांधलेलं. एका नव्या कारखान्याची नोकरी करत होते. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी सांगितलं, आमचा कारखाना मक्याचं स्पिरिट काढणार, ते पेट्रोलात मिसळणार आणि त्याच्यावर मोटारी चालणार. बियाणं आम्ही देऊ, तुम्ही ज्वारीऐवजी मका पेरा, दाणा न दाणा आम्ही उचलू.

लोक चकित झाले होते. एक बयनाबाईच म्हणाली होती, “मक्यावर मोटारी चालतीन, तं मानसं कायच्यावर चालतीन, बापू?” तेव्हा सगळे हसले होते. नरसिंगरावही हसले होते.

मका चांगला आला आणि कारखान्यानं तो खरंच उचलला. म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या थप्प्या लावल्या, कुलूप घातलं आणि राखणीला डोमाजीला ठेवलं. घराघरावर पत्रे चढले. पण कारखान्याची भट्टी काही बसेना. यंत्र कुठंतरी अडकलं होतं म्हणे. पुढच्या साली पाऊस गेला. ज्वारीला कणीस धरलं नाही, कपाशी गुडघ्याएवढीच राहून वाळली. फाल्गुनापर्यंत गावातल्या कणग्या रिकाम्या झाल्या. पैसे होते त्यांनाही काही मिळेना, कारण नार्नूरच्या बाजारात पोती यायचीच बंद झाली होती. कंट्रोलच्या दुकानाला कुलूप होतं. तांदूळ उटनूरपर्यंत येतो आणि तिथूनच परत जातो, असं दुकानदार सांगे. तहसिलीत अर्जी दिली, तर महसुलाचा गिरदावर येऊन पिकं बघून गेला. पुन्हा कोणी आलं नाही.

लोक मोहफुलं वेचत. उकडून, वाटून, त्यातच चिंचेचा पाला घालून खात. पोटात गुबारा धरे, पण भूक काही वेळ गप्प बसे.

मक्याला किडा लागू नये म्हणून आठवड्यातून एकदा पोती उलथायची, फुटकी शिवायची, जमिनीवरचा सांडलेला दाणा पाखडून पुन्हा भरायचा. या कामाला गावातल्या सात-आठ बाया लागत. जयवंताबाईही जाई. पत्र्याखाली कुंभाराचा आवा पेटल्यासारखं तापे. बाया घामानं भिजत, भुश्यानं खोकत. संध्याकाळी बाहेर पडताना दारात डोमाजी उभा असे.

“पदर झटका,” तो म्हणे.

एकेक बाई पदर झटके. कमरेला खोचलेला ओटा सोडून दाखवी. कोणी त्याच्याकडं बघत नसे. जयवंताबाईची पाळी आली की तो दुसरीकडं तोंड फिरवी. पण तिलाही झटकावाच लागे. ती पदर जरा जास्तच जोरात झटकायची.

एके दिवशी ताराबाई झटकून पुढं गेली. ती महिपतची बायको; डोमाजीच्या घराला तिच्या घराची भिंत लागलेली. दोन पावलं गेली आणि तिच्या अंबाड्यातून काही दाणे खाली टपटपले. सगळ्या बाया उभ्या राहिल्या. मागच्या बाजूला कारखान्याचा मुनीम खुर्ची टाकून बसला होता, त्यानंही मान उचलली.

“ताराबाई,” डोमाजी म्हणाला. “केस सोडा.”

“डोमाजीभाऊ, सासू निजून हाये माही. तिले नुसतं पेज...”

“केस सोडा, बाई.”

ताराबाईनं केस सोडले. मूठभर मका धुळीत पडला. डोमाजीनं मुनीमाकडं पाहिलं. मुनीम त्याच्याकडंच बघत होता.

“उचला,” डोमाजी म्हणाला.

मोकळ्या केसांनी ताराबाई उकिडवी बसली आणि एकेक दाणा वेचू लागली. एक दाणा डोमाजीच्या वहाणेजवळ गेला होता. तिनं त्याचा पाय हातानं बाजूला केला आणि तो उचलला. सगळे दाणे त्याच्या ओंजळीत घातले आणि तशीच, केस न बांधता, गेली.

जयवंताबाई घरी आल्यावर म्हणाली, “तिच्या जागी मी असती तं?”

“तुलेही सांगतलं असतं.”

“हो. मले मालूम हाये.”

आठ दिवसांनी नरसिंगराव आले. गाव पारापाशी जमलं. माणसं पूर्वीसारखी उभी राहत नव्हती, जागा मिळेल तिथं टेकत होती. महिपतनं सगळ्यांच्या वतीनं तोंड उघडलं.

“साहेब, आमचा मका आमाले वापस इका. जो भाव दिला तोच घ्या, वरून काही घ्या. पन इका.”

नरसिंगराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“महिपतराव, माझा असता तर आज दिला असता. माल कंपनीचा आहे. इंधनाचा माल म्हणून सरकारदरबारी नोंदलेला आहे. खाण्यासाठी विकायची परवानगीच नाही. मी वर दोनदा कळवलंय.”

“वर म्हंजे कोठी?”

“हैदराबादला. तिथूनही पुढं.”

“अन तेथलं कोनी येते का इकडे?”

नरसिंगरावांचा आवाज थोडा चढला. “तुम्हाला वाटतं आम्ही दाणा जाळतोय. जरा ऐका. आपल्या देशाला तेल बाहेरून आणावं लागतं. उद्या त्यांनी नाही म्हटलं, तर बस बंद, पाण्याचं इंजिन बंद, दवाखान्याची गाडी बंद. तेच तेल तुमच्या वावरातून निघालं तर? दरवर्षी ठरलेला भाव, घरच्या दारात उचल. कपाशी घेऊन व्यापाऱ्याच्या पायरीवर बसायला नको. हे वर्ष वाईट आहे, मान्य. पण एका वर्षासाठी सगळं मोडायचं का?”

ते मनापासून बोलत होते. काहींना ते पटतही होतं. चंपत नावाचा एक जण म्हणालाच, “साहेबाचं चुकत नाही. मका पेरला म्हून तं घरावर पत्रे आले.”

“पत्रे चाटून पाह्यले का तू?” महिपत म्हणाला. कोणी हसलं नाही.

बयनाबाई काठी टेकत पुढं आली. नरसिंगरावांनी तिला खुर्ची पुढं केली. ती बसली नाही.

“बापू, मोटारीले भूक लागली तं ती काय करते?”

“बंद पडते, आजी.”

“उभी राह्यते. तेल घातलं की पुन्ना चालते. बरोबर हाये ना? मानसाचं तसं नाही होत, बापू. मानूस एक डाव आडवं झालं की मंग त्याच्या तोंडात दानाही घातला अन तूपही घातलं तरी...” तिला धाप लागली. “तुमी शिकलेले. एवढंच सांगा. आंधी कोनाचं पोट?”

नरसिंगराव खाली बघत म्हणाले, “आजी, तुमचं खरं आहे. पण मी नोकर माणूस आहे.”

महिपत डोमाजीकडं वळला. “तू बोल ना गा. पयल्या थप्पीत तुह्याच वावरातला मका हाये. किल्ली तुह्याजवळ. बोल काही.”

डोमाजी किल्लीवर हात ठेवून उभा राहिला.  हळूहळू लोक उठले, एकमेकांच्या खांद्याचा आधार घेत घरी गेले.

त्यानंतर शेडच्या मागच्या भिंतीला भोक पडलेलं सापडलं. काही पोती गेली होती. कोणी नेली ते गावाला ठाऊक होतं आणि कोणी सांगितलं नाही. नरसिंगराव पुन्हा आले. या वेळी जीपमध्ये पावडरचे डबे होते. पांढुरकी, उग्र वासाची. कपाशीवर धुरळतात तीच.

“डोमाजी, सगळ्या थप्प्यांवर मारायची. पोत्यांची तोंडं उघडून आतही. आणि बाहेर फळी लावायची, विष आहे म्हणून. तेलुगूत आणि मराठीत, दोन्हीत.”

डोमाजीनं डब्याकडं पाहिलं. “साहेब, कोनी मानसानं खाल्लं तं?”

“माणसानं खाऊ नये म्हणूनच मारायची आहे ना.”

“अन मंग तो मका तुमच्या कामाचा राह्यते?”

“भट्टीत गेल्यावर त्याचं काही उरत नाही. मोटारीला पोट नसतं, डोमाजी.” हे ते सहज बोलून गेले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “हे बघा, पोती अजून कमी भरली तर पोलीस आधी तुम्हाला नेतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही. घरी लेक आहे ना बाळंतपणाची? आठवड्यात ट्रक येतोय. एकदा माल गेला की तुम्हीही सुटलात आणि मीही.”

डोमाजीनं तोंडाला गोणपाटाचा तुकडा बांधला आणि डबा उघडला. नरसिंगराव नाकाला रुमाल लावून दारात उभे होते. पोत्याची शिवण उसवायची, ओंजळीनं पावडर घालायची, हात कोपरापर्यंत घालून कालवायची, पुन्हा शिवायचं. पिवळा दाणा पांढरा होत गेला. काम करता करता त्याच्या जिभेवर कडू चव आली. मध्येच त्याला वाटलं, एखादं पोतं तसंच सोडावं. त्यानं मागं बघितलं. नरसिंगराव बघत होते, आणि त्यांचेही डोळे पाणावले होते. पावडरीनं की कशानं, ते त्याला कळलं नाही.

काम संपल्यावर तो घरोघर गेला. दाराबाहेरच उभा राहून म्हणे, “मक्यात इष टाकलं. हात लावू नोका. लेकराइले सांगा.”

“कोनं टाकलं?” आतून कोणीतरी विचारी.

“म्या टाकलं.”

कोणी शिवी दिली नाही. ताराबाईच्या घरात तिची सासू भिंतीशी पडली होती, तोंडावर माश्या बसत होत्या. ताराबाईनं त्याचं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

घरी जयवंताबाईनं त्याला लांबूनच तांब्याभर पाणी दिलं. त्याहून जास्त पाणी नव्हतं. तो मातीनं हात घासत बसला. बयनाबाई त्याच्या हातांच्या वासाच्या रोखानं बघत होती.

“तू टाकलं?”

“हो, माय.”

“आपल्या हातानं? दान्यावर?”

डोमाजीनं मान हलवली. म्हातारीला ते दिसलं नसावं, पण तिनं भिंतीकडं तोंड केलं.

दोन दिवसांत ताराबाईची सासू गेली. ताप आला होता, असं सगळे म्हणाले. तिला न्यायला चारच माणसं जमली, आणि तीही वाटेत तीनदा टेकली. त्याच दिवशी कुसुम चुलीपाशी चक्कर येऊन पडली. जयवंताबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोरीचे ओठ काळे पडले होते. पोटावर हात ठेवला, तर आतलं लेकरू फार हळू हललं.

ताराबाई दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलं घेऊन शेडच्या दारात येऊन बसली. डोमाजी काठी घेऊन उठला.

“काय पाह्यजे, ताराबाई?”

“मका दे.”

“इष हाये त्यात. म्या सोता तुमाले सांगतलं.”

“धुऊन घेईन. भाजीवरची पावडर धुऊन खातोच ना आपन.”

“ते येगळं. म्या आतपर्यंत कालवलं, बाई.”

“मंग मी आतपर्यंत धुईन. दे. नाहीतर तुह्या काठीनं मले आठीच मार. सासूच्या मांगं मीही जातो, तुही राखन सोपी व्हईन.”

ती ओरडत नव्हती. शांतपणे बोलत होती. गावातली आणखी माणसं येऊन बसू लागली. कोणाच्या हातात टोपलं, कोणाच्या हातात नुसता पंचा. महिपत आला, चंपत आला. आणि मग जयवंताबाईच्या खांद्यावर हात ठेवून बयनाबाई आली.

“डोमा,” ती म्हणाली. “कुलूप काढ. मले एक शेर मका दे.”

“माय, तू तरी समजून घे...”

“म्या काही मांगतलं का तुले आजवर? काढ.”

डोमाजीनं कुलूप काढलं.  त्यानं एका पोत्याची शिवण उसवली आणि आईच्या पदरात मका घातला. मग ताराबाईच्या टोपल्यात घातला आणि पुन्हा कुलूप लावलं. कोणी धावलं नाही, कोणी ओढाताण केली नाही. बाकीचे तिथंच बसून राहिले. म्हातारीनं सांगितलं होतं, आधी मी खाऊन बघते.

नाल्याच्या वाळूत झिरा खणलेला होता. त्यात पाणी ओंजळ-ओंजळ जमे. जयवंताबाई आणि ताराबाई समोरासमोर बसल्या. मक्यावर पाणी घालायचं, चोळायचं, ओतायचं, आणि झिऱ्यात पुन्हा पाणी पाझरेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला ताकासारखं पाणी निघालं. मग फिकट. मग स्वच्छ.

ताराबाईनं एक दाणा नाकाशी नेला. “वास हाये वं अजून.”

“आपल्या हाताचा असंन,” जयवंताबाई म्हणाली, आणि पुन्हा चोळू लागली. ऊन डोक्यावर आलं होतं. केस सोडायला लावले त्या दिवसापासून त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींशी बोलत होत्या. ताराबाई म्हणाली, “तुह्या मालकावर माहा राग नाही. माह्या मालकाले ठेवलं असतं तं त्यानंही हेच केलं असतं.” जयवंताबाई खाली मान घालून चोळत राहिली. तिच्या नाकावरून पाणी वाळूत पडत होतं.

मका उखळात कांडला. चुलीवर गंज, घरातलं मोठं पातेलं, चढला. शिजणाऱ्या कण्यांचा वास घरात पसरला तशी कुसुम उठून बसली. कित्येक दिवसांत ती अशी आपली आपण उठली नव्हती.

“माय, झालं का? वाढ ना. मले वाढ.”

“तू नोको,” बयनाबाई म्हणाली. “आंधी मी. दिवस बुडेपर्यंत मले काही झालं नाही तं तू खा. मंग गाव खाईन.”

डोमाजी पुढं झाला. “मी खातो, माय. इष म्या टाकलं, मीच खातो.”

“तुले काही झालं तं ह्या कोनाच्या तोंडाकडे पाह्यतीन? मी गेली तं एक ताट कमी होते. सरक.”

अंगणात गाव बसलं होतं. म्हातारीनं ताटली मांडीवर घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. दात नव्हते, ती हिरड्यांनी चावत राहिली. सगळ्यांचे डोळे तिच्या गळ्याकडं लागले होते. तिनं गिळलं तेव्हा चंपतनंही गिळलं.

“गोड हाये,” ती म्हणाली. आणि मग तिला कोणाचं भान राहिलं नाही. ती भराभर खाऊ लागली. बोटं चाटली, ताटली चाटली. “अजून घाल,” असं सुनेला म्हणाली. जयवंताबाईनं घातलं. तेही संपलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर तजेला आला. ती भिंतीला टेकून बसली आणि कुसुमला म्हणाली, “पोट भरलं वं. मी तं इसरलीच होती, भरल्यावर कसं लागते ते.”

वेळ जाईना. कोणी उठत नव्हतं. ताराबाईनं आपल्या घरी चूल पेटवून गंज ठेवलाच होता. नुसता वाट बघत ठेवला होता. सावली भिंतीवरून अंगणात उतरली.

बयनाबाईनं उजवा हात डाव्या हातात धरला. थोड्या वेळानं डावा हात मांडीखाली घेतला. जयवंताबाईनं ते पाहिलं.

“आत्याबाई, काय झालं?”

“काही नाही. मुंग्या आल्या.” तिचा ओठ एका बाजूला उडत होता. ती जणू आत काहीतरी ऐकत होती. मग एकदम मोठ्यानं म्हणाली, “डोमा! नोका खाऊ कोनी. फेका. जीभ... माही जीभ...”

पुढं बोलता आलं नाही. अंग ताठ झालं आणि थरथरू लागलं. खाल्लेलं सगळं लुगड्यावर पडलं. डोमाजीनं तिला धरलं, तर त्याचे हातही तिच्याबरोबर हलू लागले.

ताराबाई धावत घरी गेली. तिनं शिजलेला गंज राखेत पालथा केला आणि तिथंच बसून हंबरडा फोडला.

या गोंधळात कुसुम सरकत चुलीपाशी पोचली होती. तिनं गंजात हात घातला. जयवंताबाईनं झडप घालून तिचं मनगट पकडलं. पोरीनं दुसरा हात घातला.

“सोड! मले खाऊ दे! मरू दे, मले खाऊ दे!”

आईनं तिच्या तोंडात बोटं घालून घास बाहेर काढला. पोरीनं बोटं चावली. आईनं तिच्या थोबाडीत मारली आणि तिला पोटाशी धरून, गंज लाथेनं लांब ढकलला. रक्ताळलेली बोटं तिनं पोरीच्या केसांत खुपसून ठेवली. बराच वेळ सोडली नाहीत.

तेवढ्यात ट्रकचा आवाज आला. नरसिंगराव मका न्यायला आले होते. पुढं ट्रक, मागं हमाल. शेडच्या दारात त्यांना कुलूप दिसलं आणि कोणीच दिसलं नाही, म्हणून ते डोमाजीच्या घरी आले. अंगणातलं बघून जागीच थांबले.

“हे काय? यांनी... डोमाजी, मी तुम्हाला सांगितलं होतं...”

डोमाजीनं आईला जयवंताबाईच्या हवाली केलं. करगोट्याची किल्ली सोडून महिपतच्या हातात दिली.

“महिपत, माह्या मायले उटनूरच्या दवाखान्यात नेल्याशिवाय हे कुलूप कोनाले काढू देऊ नोको.”

“नाही देत,” महिपत म्हणाला.

ड्रायव्हर नरसिंगरावांना म्हणाला, “साब, डीजल नाप के दिए हैं. उटनूर जाके आए तो लोड लेके कारखाने तक नहीं पहुंचते.”

नरसिंगराव म्हातारीकडं बघत होते. बयनाबाईची टाच जमिनीवर आपटत होती, तिथं खळगा पडला होता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“गाडी वळव,” ते म्हणाले.

म्हातारीला त्यांनी स्वतः पायांकडून उचललं. केबिनमध्ये डोमाजीच्या मांडीवर तिचं डोकं आणि नरसिंगरावांच्या मांडीवर पाय. रस्ता खडकाळ होता. झटके येत तेव्हा दोघं मिळून तिला दाबून धरत. अर्ध्या वाटेवर ती जरा शांत झाली. डोळे उघडून म्हणाली, “कुसुमनं खाल्लं का?”

“नाही, माय.”

“बरं झालं.” मग थोड्या वेळानं, “तिले काहीतरी दे पन.”

दवाखान्यात डॉक्टर तेलुगू होता. नाडी बघता बघता त्यानं विचारलं, “एमि तिन्नदी?” काय खाल्लं?

“मका,” डोमाजी म्हणाला.

“मका खाऊन असं होतं?” डॉक्टरनं नरसिंगरावांकडं बघितलं. शिकलेला माणूस तेवढा एकच होता तिथं.

नरसिंगरावांनी तेलुगूतच सांगितलं, सगळं. मक्यात कीटकनाशक पावडर आहे. ती टाकायला मी लावली. गावात खायला काही नाही म्हणून यांनी धुऊन खाल्लं. या माणसाचा दोष नाही. कुठं सांगायचं असेल तिथं मी सांगतो. डोमाजीला सगळे शब्द कळले नाहीत, पण स्वतःच्या छातीवर बोट ठेवून बोलणाऱ्या त्या माणसाकडं तो बघत राहिला.

डॉक्टरनं करायचं ते केलं. सकाळी ऊन वर येताना बयनाबाई गेली.

मका गेलाच. पोलीस घेऊन दुसरे ट्रक आले आणि दोन दिवसांत शेड रिकामी झाली. नरसिंगराव त्यांच्याबरोबर नव्हते. त्यांची नोकरी गेली असं मागाहून कोणी म्हणालं. त्या मक्यावर पुढं मोटारी चालल्या की नाही, ते गावाला कधी कळलं नाही.

पण विष खाऊन बाई मेली, हे आदिलाबादेपर्यंत गेलं. भुकेची अर्जी जिथं पोचली नव्हती तिथं ही बातमी पोचली. बयनाबाईला जाळून चौथा दिवस होता तेव्हा ट्रॅक्टरमागं ट्रॉली जोडून तांदूळ आला. जोडीला साहेब लोक. ते घरोघर शिरले, कणग्यांत डोकावले, आणि बाहेर आले. पारावर तांदूळ मापून दिला.

सुतकाच्या घरात ताराबाईनं येऊन चूल पेटवली. भात झाला. मीठ आणि मिरची, बाकी काही नाही. कुसुमला पहिल्यांदा वाढलं. ती आधी ताटलीकडं बघत बसली, मग जयवंताबाईनं चिंधी बांधलेल्या बोटांनी तिला घास भरवला. त्यानंतर ती थांबली नाही. पोटावर एक हात ठेवून खात राहिली.

“आत कसं उड्या मारून राह्यलं पाह्य,” ती आईला म्हणाली.

डोमाजी अंगणात बसला होता. आई गेल्यापासून तो रडला नव्हता. दवाखान्यात नाही, सरणापाशी नाही. लोक म्हणत होते, धसका घेतलाय. ताराबाईनं त्याच्यासमोर ताटली ठेवली.

“खा, डोमाजीभाऊ.”

“मले नाही जानार.”

“जाईन. खा.”

त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. मग तो वाकून, ताटली तोंडाशी धरून, खाऊ लागला. ताराबाई वाढत गेली. शेवटचं शीत बोटानं टिपून त्यानं तोंडात घातलं, पाणी प्यायला, आणि मग पोट भरल्यावर त्याला रडू आलं.